पाच अँपिअरचा रिले

३ फेब्रुवारी, सोमवार

१५२/९६.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज सकाळी प्रेशर मोजायचं आणि लिहून ठेवायचं. मुलीच्या कपाटात ही अर्धी कोरी डायरी सापडली. पुढच्या पानांवर तिची रसायनशास्त्राची समीकरणं आहेत. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली, समीकरणं इथेच राहिली. एवढ्या मोठ्या पानावर नुसता एक आकडा लिहायचा जिवावर येतं, म्हणून खाली चार ओळी.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, घरापासून तीन मिनिटांवर. जळालेली मोटार आली की जुनी तार काढायची, नवी भरायची, वॉर्निश द्यायचं. बावीस वर्षं तेच. ही (म्हणजे माझी बायको, वहीतसुद्धा मला दुसरं काही लिहायला जमणार नाही) मागच्या खोलीत लोकर रंगवते. इतके दिवस गॅसवर, पातेल्यात, थोडी थोडी. आता विणकामाच्या दुकानवाल्या बाईंनी हिला बारा किलोची ऑर्डर दिलीय. चार रंग, तीन-तीन किलो, आणि तीनही किलोंची छटा तंतोतंत एक हवी. मुदत चोवीस तारखेची. पातेल्यात हे व्हायचं नाही. त्यासाठीच हिने गेल्या वर्षी शंभर लिटरची स्टीलची टाकी करून घेतली, तीन किलोवॅटचा हीटर आणला आणि एक टेंपरेचर कंट्रोलर. पाणी किती तापायला हवं ते त्याला सांगून ठेवायचं. तेवढं तापलं की तो हीटर बंद करतो, निवलं की परत चालू. हे सगळं जोडून देणं माझ्याकडे होतं. आठ महिने ते खोकं माझ्या फळीवर आहे.

आज जेवताना म्हणाली, "मी चौकातल्या पॅनलवाल्यांना सांगितलंय. ते बुधवारी बघायला येतील."

"कशाला? मी करणारच होतो."

"हो," म्हणाली, आणि मला भाजी वाढली. माझी ताटली अजून भरलेली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

१५६/९८.

आला होता. पांढरा शर्ट. वायरिंगच्या कामाला पांढरा शर्ट कोण घालतं?

हा आणि मी एकाच उस्तादाकडे वाइंडिंग शिकलो. दोन वर्षांत तो सोडून गेला आणि कंट्रोल पॅनल बनवायला लागला. आता आमच्याच रस्त्यावर, चौकाच्या पलीकडे त्याचं दुकान आहे, काचेच्या दाराचं. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. तेव्हा मी स्मशानापर्यंत गेलो होतो, हेही लिहून ठेवतो, म्हणजे माझं मन एवढं कोतं नाही हे मला वाचता येईल.

दारात पाय पुसून आत आला. "वहिनी, आधी मला सांगा तुम्ही रंगवता कसं. मग वायर बघू." झालं. ही जी बोलायला लागली ती अर्धा तास. लोकर एकदम तापवली तर आक्रसते, पंच्याऐंशीच्या वर गेली तर बिघडते, आम्लाचं पाणी किती, रंग कधी धरतो. तो मान हलवत ऐकत होता आणि मध्ये मध्ये विचारत होता, "का?" मी दारात उभा. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मला कधी सांगितलं नाही.

कधी विचारलं नाहीस, असं कोणी म्हणेल. घरात काय मुलाखती घ्यायच्या असतात?

८ फेब्रुवारी, शनिवार

१५४/९६.

आज रात्रीच्या जेवणात "ते म्हणाले" किती वेळा आलं ते मोजलं. अकरा. मोजायची मला सवय आहे, वेढे मोजण्यातच हयात गेली. ते म्हणाले अर्थिंग तपासून घ्या. ते म्हणाले सेन्सर तळाला टेकू द्यायचा नाही. ते म्हणाले रिले, म्हणजे कंट्रोलरमधला छोटा स्विच, हा दारातला नोकर आहे, त्याच्याकडून हमाली करून घ्यायची नाही. हे सांगताना ही हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आता खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. ते खोकं मी जूनमध्ये एकदा उघडलं होतं. आत मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद. तीन बटणं, आणि त्या तीन बटणांनी चाळीस गोष्टी ठरवायच्या. एक दाबलं की आकडा लुकलुकतो, दुसरं दाबलं की भलतीच अक्षरं येतात. मी तासभर दाबत बसलो, घाम फुटला, आणि सगळं होतं तसं परत घालून वर चिकटपट्टी लावली. मोटार मला डोळे मिटून कळते. हे कळत नाही. हे घरात कोणाला ठाऊक नाही आणि नसलेलंच बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेशर मोजलं नाही.

दुपारी घरी आलो तर कुलूप. मागच्या खोलीत टाकी कोरडी. ही चार वाजता आली. "कुठे होतीस?" तर म्हणे, "जरा पॅनलवाल्यांच्या दुकानात. काही समजून घ्यायचं होतं." समजून घ्यायचं! जोडणार तो, तर हिला काय समजून घ्यायचंय? दिव्याचं बटण दाबायला कोणी शिकवणी लावतं का?

हिच्या केसात लाल वायरच्या सालीचा तुकडा होता. मी काढला नाही, सांगितलंही नाही. राहू दे. बघू दे सगळ्यांना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

१६०/१००.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आज दुपारी दुकान बंद करून चौकापर्यंत गेलो. समोरच्या झाडामागे, म्हणजे अगदी सिनेमात उभे राहतात तसा. काचेतून स्वच्छ दिसत होतं. ही उंच स्टुलावर, रस्त्याकडे पाठ करून. तो हिच्या मागे उभा. दोघांची डोकी कशावर तरी वाकलेली. मग त्याने हिच्या हातात काहीतरी दिलं आणि हिने ते जोरात दाबलं, आणि दोघं हसले.

बावीस वर्षांत ही माझ्या दुकानात किती वेळा आली असेल? डबा द्यायला. दारातूनच.

परत येऊन एका पंपाची मोटार भरायला घेतली. वेढे चुकले. परत उलगडले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

१५८/९८.

मुलीचा फोन. आईशी वीस मिनिटं, माझ्याशी दोन. मी सहज म्हटलं, "तुझी आई हल्ली फार बाहेर असते." मुलगी म्हणाली, "बाबा, चांगलंय की! तुम्हीही जा ना तिच्याबरोबर." म्हटलं, मला कामं आहेत. ती म्हणाली, "तुम्ही तिला विचारा ना एकदा, काय चाललंय ते." मुलीलाही सगळं माहीत आहे आणि मला नाही, असा त्याचा अर्थ. काय सगळं, ते मी विचारलं नाही.

हिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. म्हणते, विळीवर कापलं. विळीने कापलेलं उभं असतं, आडवं नाही. माझ्यासारख्या तार सोलणाऱ्या माणसाला हे कळतं. खोटं बोलली एवढं कळलं.

कॅलेंडरवरच्या नोंदींखाली एक चिठ्ठी अडकवलेली होती, हिच्या अक्षरात: "रिले फक्त कॉन्टॅक्टरला हाक मारणार. हीटरचा भार कॉन्टॅक्टर उचलणार." बरोबर आहे, कॉन्टॅक्टर म्हणजे जड भार उचलणारा मोठा स्विच. चूक काहीच नाही. पण हे लिहून घ्यायला लावायची गरज काय? तास तास समोर बसवून ठेवायला निमित्त, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

१५०/९४.

पॅनलवाला बाहेरगावी गेला. कुठल्याशा कारखान्यात पॅनल बसवायचंय, पंचवीसला परत. हिला लागणारा कॉन्टॅक्टर अजून आलेला नाही, मागवलाय म्हणे. म्हणजे टाकी तशीच. चेहरा पडलाय हिचा.

मला बरं वाटलं. सकाळपासून बरं वाटतंय. प्रेशरसुद्धा उतरलंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना हिने विचारलं, "अहो, कॉन्टॅक्टर नसला तर चालेल का? दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे. चार रंग काढायचेत आणि हातात चार दिवस."

साधा प्रश्न होता. माझ्या दुकानाच्या खालच्या खणात तीन कॉन्टॅक्टर पडलेत, जुन्या स्टार्टरमधले, चांगले. एक आणून द्यायचा, सहा मिनिटांचं काम, तीन जायला तीन यायला. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि त्याच वेळी तो पांढरा शर्टही आला.

"ज्याला आणलंयस त्याला विचार," मी म्हटलं.

"त्यांचा फोन लागत नाहीये."

"मग थांब तो येईपर्यंत."

हिने ताटं उचलली. नळाखाली भांडी नेहमीपेक्षा हळू वाजत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

१५२/९६.

सकाळी मागच्या खोलीतून हिचं गुणगुणणं ऐकू आलं. बघितलं तर टाकीत पाणी, कंट्रोलरवर हिरवे आकडे, खाली ठरवलेला पंच्याऐंशी, वर पाण्याचा एकेचाळीस आणि चढतोय. म्हणजे जाण्याआधी तो जोडून गेला होता तर! आणि मला कोणी सांगितलंही नाही. ही आंघोळीला गेली तेव्हा जवळ जाऊन पाहिलं. काम नीटनेटकं, वायरींना रंगीत नळ्या, एकही धागा बाहेर नाही. पण कॉन्टॅक्टर नाही. जाड वायर थेट कंट्रोलरच्या रिलेत घुसवलेली आणि तिथून सरळ हीटरला. शेजारच्या पट्टीवर लिहिलंय, पाच अँपिअर. हीटर ओढतो तेरा.

एवढा नावाजलेला पॅनलवाला, आणि ही अक्कल!

मी काही बोललो नाही. जळेल तो रिले. आतला कॉन्टॅक्ट जळून तुटेल, हीटर बंद पडेल, पाणी गार होईल. मग कळेल हिला कोण काय लायकीचं आहे ते. दुकानात दिवसभर कान घराकडे. काही झालं नाही. संध्याकाळी पहिला रंग निघाला, गडद निळा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

१५८/१००.

अजून चालतंय. दर पाच-सात मिनिटांनी रिले टक् करतो. त्या टकटकीत काय दम आहे कोण जाणे, मला दुकानातही ऐकू येते.

दुसरा रंग विटकरी. लड्या गच्चीवर वाळत घातल्यात. तीन किलो, पण एकाच लडीसारख्या दिसतात, इतका रंग एक. हिने एक लडी माझ्या हातात दिली, "बघा ना." मी म्हटलं, "छान."  छान तर होतीच. पण ते छानपण त्याच्यामुळे आलं असं डोक्यात बसलं, आणि हात पोळल्यासारखी मी ती परत दिली.

हे किती दिवस टिकणार? रिलेसुद्धा त्याच्याच बाजूने आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल सकाळी ही आठला टाकी लावून गच्चीवर ये-जा करत होती. मी दुकानात. साडेअकराच्या सुमाराला एका मोटारीचे वेढे तिसऱ्यांदा चुकलो आणि उठलो. का उठलो ते मला सांगता यायचं नाही. मोटार तशीच टाकून घरी आलो.

मागची खोली वाफेने पांढरी झाली होती. ही जमिनीवर बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत बादलीत. टाकी अजून खदखदत होती, पण वीज बंद होती. हिनेच बंद केली. मेन स्विच टाकीच्या मागच्या भिंतीवर आहे. उकळत्या पाण्यावरून हात घालून.

"बटण दाबलं," ही म्हणाली, "कंट्रोलर बंद झाला, दिवाही गेला, तरी पाणी उकळतच होतं. असं कसं हो?"

मी तिचा हात बघितला आणि माझं डोकं फिरलं. "कुठाय तो गाढव? येऊ दे त्याला! तेरा अँपिअरचा हीटर थेट रिलेवर टाकतो? रस्त्यात उभा करून विचारतो त्याला!"

"ओरडू नका," ही म्हणाली. दात आवळून बोलत होती. "त्यांनी नाही जोडलं. मी जोडलंय."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

"बुधवारी रात्री. तुम्ही झोपल्यावर. ते म्हणाले होते, मी येईपर्यंत थांबा. मी नाही थांबले."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी केली. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत फोड. पंधरा दिवस तरी. मला म्हणाल्या, "तुमचं प्रेशर घेऊ का?" मी नको म्हटलं.

तिसरा रंग हिरवा होता. लोकरीचा नमदा झाला. तीन किलोचा एक गोळा, आत बोट जात नाही.

आणखी एक लिहायचं राहिलं आहे. गुरुवारच्या पानावर मी लिहिलंय की कॉन्टॅक्ट जळून तुटेल आणि हीटर बंद पडेल. तुटतो तसा तो चिकटूही शकतो. चिकटला की दिवा विझतो, आकडे जातात, पण हीटर चालूच राहतो. दहा स्टार्टर उघडले तर चार असे चिकटलेले निघतात. हे मला गुरुवारी ठाऊक होतं. लिहिलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस स्वयंपाक मी करतोय. ही खाते, आणि तो कंट्रोलर उघडून टेबलावर ठेवलाय, डाव्या हाताने त्याचे स्क्रू फिरवत असते. आज तिने आतला रिले मला दाखवला. दोन छोटे ठिपके, एकमेकांत वितळून एक झालेले.

"हे असं का होतं?"

मी सांगितलं. पाच अँपिअरचा ठिपका, दर वेळी जुळताना-सुटताना ठिणगी, तेराची ठिणगी मोठी, धातू मऊ होतो, एखाद्या वेळी सुटतच नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे बघणाऱ्याला बघताक्षणी कळतं."

"ज्याला माहीत आहे त्याला."

"तुम्ही बघितलं होतंत?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तिने डोळे वर केलेच नव्हते, बोटं ठिपक्यांवर होती. मी म्हटलं, "हो."

"कधी?"

"गुरुवारी सकाळी. तू आंघोळीला होतीस."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारीही."

 बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हती.

"तुम्हाला वाटलं, त्यांनी जोडलंय. म्हणून गप्प बसलात."

"हो."

"त्यांनी जोडलं असतं तरी खोलीत मीच असणार होते ना?"

  

ती उठली आणि दारात थांबली. "मी त्यांच्याकडे शिकायला जात होते. वायर सोलायची, तिच्या टोकाला पकडीने लग दाबायचा, सगळं. आठ महिने तुम्ही ते खोकं उघडलं नाहीत, म्हणजे उघडून परत चिकटवलंत, चिकटपट्टी वेगळी होती. तुम्हाला ते जमत नाही हे मला तेव्हाच कळलं. तुम्हाला विचारत राहिले तर तुम्हाला लागेल, म्हणून बाहेर विचारलं. म्हटलं, आधी मी शिकेन, मग एखाद्या दिवशी तुमच्यासमोर करेन, तुम्ही बघाल, विषय संपेल." मग म्हणाली, "मुलीला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं."

ही मुलीच्या खोलीत झोपायला गेली. माझं चुकलं असं ती म्हणाली, आणि मी तिथे बसून राहिलो.

२ मार्च, रविवार

१४८/९६.

पंचवीसला येणारा पॅनलवाला परवा आला, आणि घरी आज. हिचा हात पाहून म्हणाला, "वहिनी, मी सांगितलं होतं ना." ही म्हणाली, "सांगितलं होतंत. चूक माझी." मी म्हटलं, "आणि माझी," आणि सगळं सांगितलं. खालच्या खणातल्या तीन कॉन्टॅक्टरसकट. सांगायची सोय नव्हती, पण न सांगता त्याच्यासमोर बसवत नव्हतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी निर्धास्त गेलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, घरात तू आहेस."

एवढंच. मग पिशवीतून नवा कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टर काढून टेबलावर ठेवला.

जोडायचं कोणी? हिचा हात पट्टीत. पॅनलवाल्याने पक्कड उचलली, तर ही म्हणाली, "तुम्ही बसा. मी सांगते, हे जोडतील." 'हे' म्हणजे मी. तो हात मांडीवर ठेवून बसला.

ही सांगत गेली. फेज आधी कॉन्टॅक्टरच्या वरच्या स्क्रूला. तिथून खाली हीटरला. रिलेतून निघालेली बारीक वायर फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे. माझा हात सवयीचा आहे, वायर कशी वळवायची ते त्याला कळतं, पण पुढची कुठे जायची ते मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवत होतो. मेन स्विच भिंतीवरून काढून दारापाशी आणला, ते मीच सुचवलं. ती म्हणाली, "हो, तसंच करा."

मग बटणं. तिने मला बसवलं. "हे पाच सेकंद दाबून धरा. आता सोडा. घाबरू नका, काही फुटत नाही." पॅनलवाला हसला, ही हसली. मला पुन्हा तेच खुपलं, जुनं ओळखीचं. संपलेलं नाही. पण मी उठून गेलो नाही. "परत सांग," म्हटलं. तिने परत सांगितलं. तिसऱ्या वेळी पंच्याऐंशीचा आकडा मी लावला.

९ मार्च, रविवार

१४४/९२.

दुकानवाल्या बाईंनी निळा आणि विटकरी ठेवून घेतला, उरलेल्या दोन रंगांना महिनाअखेरची मुदत दिली. हिरवा पुन्हा आज लावला. हिची पट्टी लहान झालीय, पण ओझं उचलायचं नाही. पाणी मी भरलं, लड्या मी सोडल्या. रंग तिने घातला, चमच्याने मोजून, मला मोजू दिला नाही.

झोपायला अजून मुलीच्या खोलीतच जाते. 

पाणी ऐंशीला आलं आणि दुकानवाल्या बाईंचा निरोप आला, धाग्याचा नमुना दाखवायला आत्ताच या. ही दारात घुटमळली. टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. टाकीपाशी थांबणारं दुसरं कोणी नव्हतं, हे खरं. पण ती टाकी बंद करून जाऊ शकली असती. ती तसंच करेल अशी मनाची तयारीही मी ठेवली होती.

"तासभर बसाल?" म्हणाली.

"बसतो."

"पंच्याऐंशीच्या वर दोन अंश गेला तर मेन बंद. बाकी कशाला हात नाही लावायचा."

"नाही लावत."

गेली. मी स्टूल ओढून दाराजवळ, स्विचपाशी बसलो. पाणी पंच्याऐंशीला पोचलं, कॉन्टॅक्टर खाड् करून सुटला. रिलेच्या टकटकीहून हा आवाज जाड, जबाबदार माणसाचा असतो तसा. चौऱ्याऐंशी. पुन्हा खाड्. दर वेळी मी हीटरच्या वायरीवर चिमटा-मीटर लावून पाहत होतो की सुटल्यावर करंट खरंच शून्य होतो. होत होता. तेरा, शून्य. तेरा, शून्य. एवढं मन लावून मी हल्ली मोटारही भरलेली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, वाफेने असेल. आम्लाचा वास होता.

ती सव्वा तासाने आली. घाईघाईने चालत आली होती, छाती वरखाली होत होती. आधी आकडा बघितला, मग पाण्यात काठी घालून एक लडी वर काढून रंग बघितला, मग मला.

"इथून हललात का?"

"नाही."

"पाणीसुद्धा प्यायला नाहीत?"

"नाही."

काठी बाजूला ठेवून आत गेली. डाव्या हाताने ग्लास भरून आणला, येताना थोडं सांडलं. मी दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायलो. मी पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी होती.